बाजाराच्या दिवशी रक्तातील साखरेची तपासणी

तालुक्याच्या गावी आठवड्याचा बाजार भरतो त्या दिवशी बी-बियाण्यांच्या दुकानाखालोखाल गर्दी असते ती औषधाच्या दुकानात. खताचे पोते, घरचा किराणा आणि म्हाताऱ्या आईची रक्तदाबाची गोळी ही सर्व खरेदी शेतकरी एकाच फेरीत उरकतो. दवाखान्याची पायरी तो दुखणे अंगावर काढून अगदी असह्य झाल्यावरच चढतो. औषधाच्या दुकानात मात्र त्याचे महिन्यातून एकदोनदा तरी जाणे होते. तेथे नंबर लावावा लागत नाही, दिवसाची मजुरी बुडत नाही, आणि दुकानदार बहुधा त्यास नावाने ओळखत असतो. हा सहज येण्याजाण्याचा उंबरठा मधुमेहाचा छडा लावण्याच्या कामी किती उपयोगी पडू शकेल, याचा विचार गावोगावच्या कार्यकर्त्यांनी करावयास हवा.

२५ सप्टेंबर हा जागतिक औषधनिर्माता दिन व १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. या दोन दिवसांच्या सुमारास पुष्कळ ठिकाणी औषधविक्रेते दुकानापुढे टेबल मांडून रक्तातील साखर मोफत तपासून देतात. यांपैकी दुसरा दिवस फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्माचा; इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांत ते अग्रणी होते आणि हा शोध १९२१ साली कॅनडात लागला. टेबल मांडण्यास वास्तविक या दोनच तारखांची वाट पाहण्याचे कारण नाही. महिन्यातील एक बाजाराचा दिवस यासाठी ठरवून घेतला, तर खेड्यातील माणसाच्या तो अधिक सोयीचा होय.

अशा टेबलापाशी हमखास कानी पडणारे बोलणे पुढील मासल्याचे असते.

"तात्या, बसा जरा. बोटाचा एक थेंब द्या, साखर बघू."

"मला कसली रे साखर? जन्मभर नांगर धरलाय. हा रोग बसून खाणाऱ्यांचा."

"नांगर सोडून किती वर्षं झाली, तात्या? आता तर ट्रॅक्टर भाड्यानं लावता. मोटारसुद्धा घरबसल्या मोबाईलवर चालू करता."

या उत्तरात पुष्कळ तथ्य आहे. शेतावरील अंगमेहनत गेल्या तीस-चाळीस वर्षांत झपाट्याने घटली. ताटातील भात, साखरेचा चहा आणि दुकानातील फरसाण मात्र वाढले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह असावा व आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असावेत, असा अंदाज निघाला. शहरांत मधुमेहींचे प्रमाण शेकडा १६ च्या वर, तर खेड्यांत शेकडा ९ च्या आसपास आढळले. एवढ्यावरून खेडी सुरक्षित आहेत असे कोणास वाटेल. परंतु उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण पाहू गेल्यास शहर आणि खेडे यांत जवळजवळ फरकच दिसला नाही. दोन्हीकडे ते शेकडा १५ च्या घरात होते. आज जी शहराची स्थिती आहे ती उद्या खेड्याची होण्यास लागणारे बियाणे शेतात पडलेलेच आहे.

दुसरा समज असा की, हा लठ्ठ माणसांचा रोग आहे. अंगाने सडसडीत असलेल्या माणसास त्याचे भय नाही. या समजाला उत्तर मिळाले ते पुणे जिल्ह्यातील खेड्यांतूनच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर माता आणि त्यांची बालके यांचा अभ्यास हाती घेतला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे जन्मणारे मूल सरासरी साडेतीन किलोग्रॅमचे, तर या गावांतील मूल २.७ किलोग्रॅमच्या आसपासचे. परंतु वजनातील ही तूट सर्व अंगांत सारखी नव्हती. स्नायू व पोटातील अवयव पुष्कळच कमी भरले. कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून राहिली. दिसावयास बारीक परंतु आतून चरबी बाळगणारी अशी ही आपल्याकडील शरीराची घडण आहे. यामुळे शेलाट्या बांध्याच्या शेतकऱ्यास, पोट थोडे सुटताच, मधुमेह गाठू शकतो. तराजूपेक्षा शिंप्याची टेप येथे अधिक खरे बोलते.

टेप आणि चार प्रश्न

चेन्नई येथील डॉ. व्ही. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली भारतीय माणसांसाठी एक सोपी गुणपद्धती प्रसिद्ध केली. तीत रक्त काढावे लागत नाही. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण, ५० किंवा अधिक असल्यास ३०. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० ते ९९ सेंटिमीटर असल्यास १० व १०० किंवा अधिक असल्यास २०. स्त्रीच्या बाबतीत हेच गुण ८० ते ८९ आणि ९० व त्यावर असे मोजावयाचे. नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम ही दोन्ही असतील तर गुण नाही, दोहोंपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसतील तर ३०. आईवडिलांपैकी एकास मधुमेह असल्यास १०, दोघांसही असल्यास २०. बेरीज ६० किंवा अधिक झाली की धोका मोठा समजावयाचा.

वर उल्लेखिलेल्या तात्यांचे वय ५२, कमर ९४ सेंटिमीटर, शेतावर थोडेफार काम आणि आईस मधुमेह होता असे धरले, तर त्यांची बेरीज ७० भरते. येथे मोफत पट्टी खर्च करणे योग्य. आलेल्या प्रत्येकाचे बोट टोचीत बसण्यापेक्षा आधी टेप लावणे अधिक शहाणपणाचे, हे इतरांच्याही अनुभवास आले आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली पाचशेहून अधिक औषधांच्या दुकानांनी मिळून अशी मोहीम चालविली. तीत नव्वद हजारांवर लोक आले, आणि आधी प्रश्न विचारून मगच रक्ताची तपासणी असा क्रम ठेवण्यात आला होता. कमरेच्या घेराचे माप घेताना धोतराची गाठ किंवा साडीच्या निऱ्या टेपखाली येणार नाहीत एवढे मात्र पाहावे. स्त्रियांचे माप स्त्रीनेच घ्यावे. आशा कार्यकर्ती त्या दिवशी दुकानी हजर राहिली तर ही अडचण उरत नाही.

थेंब घेताना होणाऱ्या चुका

ग्लुकोमीटर हे यंत्र चांगले असले तरी त्यास बोटावरची साखर आणि रक्तातील साखर यांतला भेद कळत नाही. गुऱ्हाळावरून गूळ हाताळून आलेला माणूस, द्राक्षाच्या बागेत दिवसभर घड उतरविलेला मजूर, किंवा नुसते केळे सोलून खाल्लेला पोरगा यांच्या बोटास लागलेला गोडवा थेंबात मिसळतो आणि यंत्र भलताच आकडा दाखविते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात फळे सोलल्यानंतर बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही आकडा चढाच राहिला. पाण्याने हात धुतल्यावर मात्र तो खरा आला. म्हणून टेबलाशेजारी पाण्याची बादली, साबण आणि स्वच्छ पंचा ही तीन साधने यंत्राइतकीच आवश्यक होत. हात पूर्ण वाळू द्यावा. ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन आकडा उतरतो, ही त्याच चुकीची दुसरी बाजू.

पट्ट्यांची बाटली दर वेळी घट्ट मिटावयास हवी. पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली, किंवा एप्रिल-मे महिन्यात गाडीत तापलेली पट्टी भरवशाची राहत नाही. बाटलीवरील मुदतही वाचून पाहावी. मोफत वाटपात जुना माल खपविण्याचा मोह कोठे कोठे होतो. टोचणीची सुई दर माणसास नवी, आणि वापरलेली सुई जाड, न फुटणाऱ्या बंद डब्यात. या बाबतीत कुचराई झाली तर साखर शोधता शोधता कावीळ 'ब' किंवा एच. आय. व्ही. यांचा प्रसार व्हावयाचा. जेथे सुई बदलली जात नसेल तेथे हात पुढे न करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि त्याने तो निःसंकोचपणे बजावावा.

आकडा म्हणजे निदान नव्हे

ही गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानी घ्यावयाची. बाजारात माणूस चहा-भजी खाऊन येतो. त्या वेळी घेतलेल्या थेंबात १०० मिलिलिटर रक्तामागे १४० मिलिग्रॅम किंवा अधिक साखर आढळली, तर राष्ट्रीय कार्यक्रमातील रीतीप्रमाणे त्या माणसास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते. १४० म्हणजे मधुमेह, असे मात्र नव्हे. रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास काही न खाता सकाळी शिरेतून घेतलेल्या रक्तात १२६ किंवा अधिक, किंवा ग्लुकोजचे ठरावीक पाणी पिऊन दोन तासांनी २०० किंवा अधिक साखर आढळावी लागते. लक्षणे नसतील तर ही तपासणी पुन्हा एकदा करून खात्री करून घेतात. वारंवार लघवी, सतत तहान, वजन उतरणे ही लक्षणे आणि त्याबरोबर केव्हाही घेतलेल्या रक्तात २०० वर साखर, असे एकत्र दिसल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणीही आता पुष्कळ ठिकाणी होते. ती सोयीची खरी. परंतु अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रीत ती फसवी वाढ दाखवू शकते, आणि सिकलसेलच्या रोग्यात साखर असूनही कमी आकडा देऊ शकते. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या भागांतील कार्यकर्त्यांनी याची जाणीव डॉक्टरांस करून देण्यास संकोचू नये.

दुकानात आकडा सांगितला गेला, माणसाने मान डोलावली, आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घालून तो घरी गेला. पुढे ती चिठ्ठी धुण्यात विरघळते. मोफत तपासणीचे बहुतेक श्रम येथे वाया जातात. आयुष्मान आरोग्य मंदिरात व प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी विनामूल्य होते, औषधेही तेथे मिळतात; परंतु दुकान आणि केंद्र यांमधील पाच-सात किलोमीटरचे अंतर ओलांडवून देणारा कोणी नसतो. हे काम गावच्या कार्यकर्त्याचे. दुकानदाराने नावांची यादी संबंधितांच्या संमतीने आशा कार्यकर्तीकडे द्यावी, आणि तिने आठवड्याच्या आत त्या घरी जाऊन सकाळी उपाशीपोटी केंद्रात जाण्याचा दिवस पक्का करावा. यादी चावडीवर वाचून दाखविण्याची वस्तू नव्हे. लग्नाच्या मुलीचे नाव तीत असेल तर विशेष जपावे.

औषधाबरोबर चार शब्द

निदान झाल्यानंतर औषधाच्या दुकानाचे खरे काम सुरू होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ॲशव्हिल नावाचे डोंगराळ भागातील एक शहर आहे. तेथील नगरशासनाने १९९६-९७ च्या सुमारास आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी एक व्यवस्था केली. कर्मचाऱ्याने ठरलेल्या औषधनिर्मात्यास नियमितपणे भेटावयाचे. त्याने साखरेच्या नोंदी पाहावयाच्या, पाय तपासावयाचे, गोळ्या कशा घेतल्या जातात ते विचारावयाचे, आणि अडचण दिसताच डॉक्टरांस कळवावयाचे. भेटी चुकविल्या नाहीत तर औषधांतील कर्मचाऱ्याचा हिस्सा माफ. २००३ साली या प्रयोगाचा पाच वर्षांपर्यंतचा अहवाल प्रसिद्ध झाला. साखर आटोक्यात आलेल्यांची संख्या वाढली, आजारपणाच्या रजा घटल्या, आणि औषधांवरील खर्च वाढूनही एकूण वैद्यकीय खर्च कमीच झाला. नगरशासनाने हे धर्मार्थ केले नव्हते; हिशेब करून केले होते. आपल्याकडेही २०१५ च्या नियमांनी औषधनिर्मात्यावर रोग्यास सल्ला देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. गोळ्यांची पाकिटे कात्रीने कापून देणे एवढाच त्याचा व्यवसाय नाही, हे काही दुकानांत अद्याप उमगावयाचे आहे.

शेतकऱ्याच्या बाबतीत हे चार शब्द कोणते असावेत? सर्वांत आधी साखर एकाएकी उतरण्याविषयी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस पहाटे औषध घेऊन, न्याहारी न करता दारे धरावयास गेला, तर बांधावरच त्यास दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. पाहणाऱ्यास वाटते की याने दारू घेतली आहे. तीन चमचे साखर किंवा तेवढा गूळ तत्काळ खाऊन पंधरा मिनिटे बसावे आणि नंतर भाकरी खावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्यास थेट दवाखान्यात न्यावे. साखरेची पुडी विळ्याइतकीच कायम जवळ असावी. एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे रोजे पाळणाऱ्यांनी औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीने उलट अडचण होते. तिने साखर उतरत नाही, चढते.

गूळ साखरेपेक्षा निर्दोष आहे, हा समज ऊस पिकविणाऱ्या भागात फार प्रबळ आहे. रक्तातील साखर वाढविण्यात दोहोंत सांगण्यासारखे अंतर नाही. ज्वारीची भाकरी पांढऱ्या भातापेक्षा बरी, परंतु चार भाकऱ्या बऱ्या नव्हेत. अर्धे ताट पालेभाजी-फळभाजीने भरावे आणि डाळ, उसळ यांस वाटा द्यावा.

पायांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण शेतकऱ्याचा संसार पायांवर उभा असतो. जुन्या मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर होतात. बाभळीचा काटा मोडून आत राहिला तरी कळत नाही. वैशाखातील तापलेल्या ढेकळांनी फोड आले तरी जाणवत नाही. थंडीत शेकोटीशी पाय धरला तर कातडी भाजेपर्यंत ऊब पुरी वाटत नाही. ती न दुखणारी जखम चिखलात भिजते, पू धरते, आणि माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा बोट, कधी पाऊल, कापावे लागते. न दुखणे हीच येथे धोक्याची खूण. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात पाहावेत. वाकता येत नसेल तर नातवंडास पाहावयास सांगावे. बुटात पाय घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा. अनवाणी शेतात जाऊ नये, आणि वारीस जावयाचे झाल्यास तेही अनवाणी नको. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा.

"रासायनिक गोळी जन्मभर खाण्यापेक्षा झाडपाला बरा," असे म्हणणारेही टेबलापाशी येतात. त्यांना मेटफॉर्मिन या गोळीची कुळकथा सांगावी. युरोपात गॅलेगा नावाची एक शेंगावर्गीय वनस्पती आहे; तिच्यातील द्रव्याच्या अभ्यासावरून या जातीची औषधे प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९५७ साली पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा रोग्यांवरील उपयोग प्रसिद्ध केला. हीच वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चाऱ्याचे पीक म्हणून नेण्यात आली होती; जनावरांस ती विषारी ठरली, आणि आता तिकडे तिची गणना उपद्रवी तणांत होते. झाडपाला आणि औषध यांमध्ये मोजमापाचे अंतर असते ते असे. "मधुमेह मुळापासून घालवितो" अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाजारात अशी भुकटी विकणारा आढळल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे.

इन्सुलिन घेणाऱ्या घरात शीतकपाट नसेल, किंवा विजेचा भरवसा नसेल, तर न उघडलेली कुपी झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवून तो डबा पाण्याने भिजविलेल्या माठात, सावलीत ठेवावा. माठातील गारवा शीतकपाटाइतका नसला तरी मे महिन्याच्या पत्र्याच्या घरात त्याने औषध पुष्कळ वाचते. शीतकपाट असल्यास कुपी बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात घेतलेली कुपी साधारण चार आठवड्यांत संपवावी किंवा टाकून द्यावी, आणि उघडल्याची तारीख तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहावी.

दुकानाच्या टेबलावरील वहीत नाव, वय, कमरेचा घेर आणि आकडा एवढेच रकाने बहुधा आखलेले असतात. त्यांपुढे आणखी दोन आखावेत: केंद्रात गेले काय, आणि पुढच्या महिन्याच्या बाजारी परत आले काय. हे दोन रकाने भरण्यासाठी आशा कार्यकर्तीने व दुकानदाराने महिन्यातून एकदा, दुपारी बाजार ओसरल्यावर, अर्धा तास एकत्र बसावे. आणि ज्या नावांपुढे जागा रिकामी दिसेल त्या घरांकडे दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वळावे.